चिकाचा लोटा

खरवस हा शब्द आमच्या कारखान्यात शिवी होता. नवा कामगार पहिल्या दिवशी हसायचा. त्याला वाटायचं, माणदेशातली माणसं आहेत, गोडाधोडाच्या गप्पा मारतायत. मग कुणाच्या तरी निष्काळजीपणानं टाकीचं तापमान चढायचं, आतला चीक थिजून घट्ट व्हायचा, नळ्या तुंबायच्या आणि मी अंगावर धावून जायचे, "खरवस केलास! सगळ्याचा खरवस केलास मेल्या!" त्यानंतर तो माणूस घरीसुद्धा खरवस खात नसे.

मी शैला दडस. नुकत्याच व्यालेल्या गायीचा चीक आणून त्याची भुकटी करायची, हा आमचा धंदा, आणि त्यातला अर्काचा विभाग माझ्या ताब्यात होता. माझा राग नाकावर असतो हे सगळा तालुका जाणतो. पण त्या भुकटीच्या बाबतीत रागवायचा मला हक्क होता. ती पोरांना जगवत होती.

यातलं शास्त्र अवघड नाही. बाईचं मूल जन्मतं तेव्हा रोगाशी लढणारी प्रतिपिंडं आईच्या रक्तातून घेऊनच बाहेर येतं. वासराला गायीच्या पोटात यातलं काहीच मिळत नाही. मग गाय सगळी शिदोरी पहिल्या दुधात ओतते. म्हणून चीक पिवळा, दाट आणि चिकट असतो. गाभण गायीला शेवटच्या दिवसांत माणसाच्या एखाद्या रोगाची लस टोचली, तर त्या रोगावरची प्रतिपिंडंही तिच्या चिकात उतरतात. हा चीक गार करून आणायचा, यंत्रात गरगर फिरवून त्यातली साय काढायची, साठ अंशांवर तासभर धरून जंतू मारायचे, मग बारीक छिद्रांच्या पडद्यांतून दाबून पाणी आणि साखर काढून टाकायची. उरतो तो अर्क. तो गोठवून, हवा ओढून घेतलेल्या कपाटात ठेवला की त्यातल्या बर्फाची थेट वाफ होऊन जाते आणि मागे भुकटी राहते.

सगळी कसरत एका गोष्टीची. साठाच्या वर जायचं नाही. सत्तरीच्या पुढे ही प्रथिनं एकमेकांना घट्ट धरतात आणि कायमची निकामी होतात. घरी चीक उकडल्यावर त्याची वडी पडते ती याच कारणानं. खरवस म्हणजे मेलेली प्रतिपिंडं, वेलची घालून.

सुकी आली त्या उन्हाळ्यात हे सगळ्या जगाला कळायला हवं होतं, पण कळलं नाही. सुकी हे आमच्याकडचं नाव. अंगावर पिणाऱ्या पोराला पाण्यासारखे जुलाब लागायचे आणि सकाळी गुबगुबीत असलेलं पोर संध्याकाळी सुकून जायचं. एकही औषध त्या जंतूला लागू पडत नव्हतं. लागू पडत होती ती आमची भुकटी. मग पुड्या पोलिसांच्या पहाऱ्यात जाऊ लागल्या. आधी शहरांना, मग तालुक्याच्या गावांना, आणि कारखान्याच्या आसपास राहणारे आम्ही सगळ्यांत शेवटी.

माणसं पिसाळली. गाभण गायींवर दरोडे पडायला लागले. शेजारच्या गावात टोळीला वेतापर्यंत थांबायला दम नव्हता, त्यांनी गायीची कास जिवंतपणी कापून नेली. सकाळी मालक गोठ्यात गेला तेव्हा ती उभी होती. कंपनीही काही कमी नव्हती. करारातल्या गायींचा चीक थेंब न थेंब उचलायची आणि वासरापुढे कसलीतरी पांढरी पूड कालवून ठेवायची. माझा धाकटा भाऊ महिपत याच्या गोठ्यातली तीन वासरं ती पांढरी पूड पिऊन मेली. तिसरं मेल्यावर चीक न्यायला आलेल्या माणसाला त्यानं दावणीच्या साखळीनं मारलं, ते मी कसंबसं मिटवलं होतं.

महिपत, त्याची बायको रेवू, त्यांची महिन्याची बाळी आणि आमची आई, असं आमचं खडकवस्तीवरचं घर. मध्ये नुसतं कुंपण, आणि पलीकडे उद्धव काळेल, त्याची हौसा आणि त्यांचा बाळ्या. उद्धव आमच्या कारखान्यात दारावर रखवालदार होता. त्या सकाळी मी कामावर गेले तर तो वाट बघतच उभा होता. रखवालदारांना पांढरा अंगभर झगा, डोक्यावर टोप आणि तोंडावर काळी काच असायची. त्यानं काच वर केली.

"आक्का, बाळ्याला लागलंय," तो म्हणाला. "तुमच्या बाळीलाबी लागलंय म्हनं?"

कामाच्या रेट्यात आठवडाभर मी कारखान्याच्या खोलीवरच झोपत होते, मला ते माहीतच नव्हतं.

त्यानं झग्याखालून पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या काढून माझ्या पिशवीत टाकल्या. "एक तुमाला, एक आमाला. दुपारी जाताना म्या पिशवी बगनार न्हाई. हौसाला सांगून ठेवलंय, आक्का आनतील ते तसंच कच्चं पाजायचं, चुलीजवळबी न्यायचं न्हाई."

"सापडलो तर?"

"तर दोगंबी सापडू," तो म्हणाला आणि त्यानं काच खाली ओढली.

त्या दिवसाचा अर्क दुपारी तयार होणार होता. तोवर टाकीला सील असतं. मी घड्याळाकडे बघत काम करत होते तेवढ्यात महिपतचा फोन आला. चोऱ्या सुरू झाल्यापासून आत येणारा फोन सगळ्यांना ऐकू जाईल असाच घ्यायचा, असा नियम होता. आमचे व्यवस्थापक देशिंगकर साहेब माझ्या शेजारी उभे होते.

"आक्का, बाळी डोळं फिरवायलीया. एक पुडी दे."

"मला ते जमणार नाही, महिपत. सगळ्यांना सारखाच नियम आहे."

"आक्का, ही कसली भाषा? साहेबासारखं नगं बोलू माज्याशी."

"फोन ठेव. मी कामात आहे."

"तुज्या हातानं बनतंय ना ते? तुज्या हातानं?"

"ठेव म्हटलं ना."

"मग तू माजी कुनी न्हाईस," तो म्हणाला. देशिंगकरांनी माझ्याकडे पाहून शाबासकीची मान हलवली. मला त्या मानेला हिसका द्यावासा वाटला. पण मनात म्हटलं, दुपारी बाटली घेऊन दारात उभी राहीन, मग बघते याच्याकडे. घरच्यांशी बोलताना माझी बोली एवढी एकदाच मी सोडली आणि त्यानं ते खरं मानलं.

दुपारी सील काढलं. बाटल्या घ्यायला मी टाकीसमोरच्या माझ्या काचेच्या खोलीत पिशवीपाशी गेले आणि बाहेर ट्रॅक्टर दारावर आदळला.

दार उखडून आत पडलं तसा एक रखवालदार त्याच्याखाली सापडला. ट्रॅक्टर त्याच्यावरून, दारासकट, आत आला. मागून माणसं आली. तोंडाला टॉवेल, हातात पहारी, कोयते, पाण्याच्या लाइनीचे पाइप. धोक्याची घंटा वाजली आणि माझ्या खोलीचं दार आपोआप बंद झालं. आतून ते उघडत नव्हतं. पुढचं सगळं मी काचेतून पाहिलं.

देशिंगकर हात जोडून पुढे गेले. एकानं त्यांच्या तोंडावर पहारीचं बूड मारलं. ते खाली बसले आणि ओंजळीत दात गोळा करू लागले. माझी मदतनीस नळ बंद करायला धावली, तिच्या हातावर कोयता पडला. कुणाला काय कुठे असतं ते माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी दिसेल ते फोडलं. भुकटीची कपाटं फोडली, ती रिकामी होती. सकाळीच गाडी गेली होती. मग कुणीतरी ओरडलं, "टाकीत हाय!" आणि सगळे अर्काच्या टाकीकडे वळले.

टाकीपुढे उद्धव उभा होता; दारावरून इकडे धावत आला तेव्हाच त्याची चाल मी ओळखली होती. त्यानं पहिल्याचं गळ्याजवळचं हाड काठीनं मोडलं, दुसऱ्याचा गुडघा. मग हिरव्या टॉवेलवाला पुढे आला. त्यानं पाइप डाव्या हातात धरला होता. आमच्या वस्तीवर डावखुरा माणूस एकच. मी काचेवर दोन्ही मुठी आपटल्या, किंचाळले, पण ती काच जाड होती.

उद्धवनंही ओळखलं. त्यानं काठी खाली केली. तो काहीतरी बोलला, पण टोपातून आणि काचेतून बाहेर काय ऐकू जाणार! महिपतला दिसला तो पांढऱ्या झग्यातला कंपनीचा माणूस, तोंड नसलेला. त्यानं पाइप टोपाच्या खाली, मानेवर मारला. उद्धव गुडघ्यावर आला. पुन्हा मारला. तो पडल्यावरही मारत राहिला. पाइप वाकेपर्यंत मारला.

मग त्यानं नळाखाली कॅन धरून भरला. तेवढा एकच कॅन भरला गेला. मागच्याला धीर निघेना, त्यानं टाकीला पहार घातली आणि अर्काची पिवळी धार सुटली. माणसं एकमेकांना ढकलून ओंजळी भरू लागली. मग ओंजळींवरून एकमेकांना भोसकू लागली. पाठीमागे टाक्या धुवायच्या सोड्याचं पिंप कलंडलं आणि अर्क, रक्त, काचा, सोडा यांचा चिखल झाला. त्यात पडलेल्यांची कातडी भाजत होती.

माझं दार पोलिसांनी फोडलं तोवर सगळं संपलं होतं. मी उद्धवचा टोप काढला. डोळे उघडे होते. माझ्या पिशवीत दोन रिकाम्या बाटल्या होत्या आणि जमिनीवर भरण्यासारखं काही उरलं नव्हतं. एक कॅन तेवढा वस्तीवर गेला होता.

तेव्हा मला आई आठवली. आमच्या आईच्या हातचा खरवस पंचक्रोशीत नावाजलेला. घरात चीक आला की तिचा हात आपसूक गुळाच्या डब्याकडे जातो. मी महिपतला फोन लावला, तो बंद होता. मी आवारातली कुणाचीतरी मोटारसायकल उचलली आणि वस्तीकडे सुटले.

कुंपणाशी पोचले आणि वेलचीचा वास आला.

आई चुलीपुढे बसली होती. मोठं पातेलं खाली उतरवलं होतं, त्यातल्या थाळ्यांत पिवळाधमक खरवस थरथरत होता. रेवूच्या मांडीवर बाळी होती, ओठ सुकलेले, टाळू खोल गेलेली. आई कोमट खरवस बोटानं कुस्करून तिच्या ओठांत घालत होती. महिपत मोरीवर कोपरापर्यंत हात धूत होता.

"लई घट हाय गं, शैला," आई म्हणाली. "असा चीक म्या जल्मात पायला न्हाई."

मी थाळीला लाथ मारली. पातेलं उलथं केलं. रेवू किंचाळली. महिपत धावत आला तशी मी त्याच्या तोंडात मारली, पुन्हा मारली.

"चुलीवर ठेवलास? चुलीवर? ह्यात आता काय न्हाई! शेन हाय हे, शेन!"

"चीक हाय त्यो!" तो ओरडला. "जल्मभर खाल्लाय आमी!" त्यानं मला उलट्या हातानं हाणलं. माझा ओठ फाटला. मी त्याचे केस धरले आणि त्याचं डोकं मेढीवर आपटलं. दोघंही खरवसावरून घसरून पडलो. पडल्या पडल्या मी त्याला चावले. एवढा राग मला आयुष्यात आला नव्हता, आणि तो फक्त त्याच्यावर नव्हता.

"आगं, आगं, समदा न्हाई शिजवला!" आई आमच्यामध्ये पडत म्हणाली. "पैला लोटा हौसाला न्हेऊन दिला. शेजारी दिल्याबिगर चीक चुलीवर चडवत्यात व्हय कवा?"

मी हात सोडले. वस्तीवरची ही रीत मी लहानपणापासून पाहत आले होते. पहिला लोटा शेजारी जातो, आणि शेजारी तो रिकामा परत करत नाही. दाणे, गूळ, काहीतरी घालून देतो.

"म्हैपा," मी म्हटलं, "तू ज्याला मारलास त्यो उद्धव व्हता."

तो हसला. खरंच हसला. "न्हाई. कंपनीचा मानूस व्हता."

"उद्धव व्हता. आज त्यो मला दोन बाटल्या घेऊन भाईर सोडनार व्हता. एक त्येच्या पोराची, एक आपल्या बाळीची. सकाळीच ठरलं व्हतं."

"आन् मग फोनवर..."

"साहेब शेजारी हुबा व्हता."

महिपतनं आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग तो मोरीवर गेला आणि तो हात पुन्हा घासू लागला.

मी कुंपण ओलांडून गेले. हौसा ओसरीत बसली होती, बाळ्या मांडीवर, शेजारी आमचा पितळी लोटा. ती चमच्यानं थेंब थेंब त्याच्या तोंडात सोडत होती. पोरानं डोळे उघडले होते. चिडून रडतही होतं. दोन दिवस त्याला रडायचंही बळ नव्हतं.

"आक्का, शब्द पाळलासा," ती म्हणाली. "तापवला न्हाई हां म्या. ह्यांनी बजावलं व्हतं. ह्येला निम्म्यानं निम्माबी लागला न्हाई. उरल्याला बाळीला न्ह्या." तिनं लोटा उचलून माझ्यापुढे धरला.

मी हात पुढे केला. घेऊन पळून जावं, मागून काय व्हायचं ते होऊ दे, हेच माझ्या मनात होतं. लपवून काय करू? पण लोट्याला बोटं लागायच्या आत वस्तीवरची माणसं वाटेनं ओरडत आली. "हौसे! उद्धवला मारलं गं! कारखान्यात मारलं!"

तिनं लोटा मागे घेतला. छातीशी धरला. ती रडली नाही. माझा फाटलेला ओठ, लुगड्यावरचं रक्त, सगळं तिनं नीट पाहिलं.

"आक्का, तुमी तितंच व्हता. कुनी मारलं?"

तोंडं बांधलेली होती, असं मला म्हणायचं होतं. ते खोटंही नव्हतं. पण तिच्या हातात माझ्या नावावर आलेला लोटा होता आणि तिच्या नवऱ्यानं दिलेल्या बाटल्या माझ्या पिशवीत होत्या.

"म्हैपानं," मी म्हणाले.

हौसानं बाळ्याला शेजारणीच्या मांडीवर दिलं. आत गेली. परत आली तेव्हा एका हातात लोटा होता, दुसऱ्या हातात कडबा तोडायचा कोयता.

"त्येलाच येऊ द्या," ती म्हणाली. "लोटा त्येच्याच हातात दीन. दुसऱ्या कुनाला दिला तर इथंच वतंन."

मी सांगायला जायची गरजच नव्हती. कुंपणापलीकडे महिपत उभा होता, त्यानं ऐकलं होतं. कोयताही त्याला दिसत होता. आईनं त्याचा सदरा धरला, त्यानं तो सोडवला आणि कुंपण ओलांडून आला. माणसं बाजूला झाली.

"कंच्या हातानं?" हौसानं विचारलं.

त्यानं डावा हात ओसरीच्या दगडी कडेवर ठेवला. मनगट वर करून, जसं डॉक्टरपुढे ठेवतात तसं. मग उजवा हात पुढे केला. हौसानं त्या हातात लोटा दिला. तो काठोकाठ नव्हता, पण बराच भरलेला होता.

"सांडू नगंस," ती म्हणाली, आणि कोयता दोन्ही हातांनी उचलून खाली आणला.

हाड पहिल्या घावात तुटलं नाही. तिनं पुन्हा उचलला. महिपतच्या तोंडून जनावरासारखा आवाज निघाला, तो ओसरीच्या कडेला टेकला. उजवा हात त्यानं वर, डोक्याच्याही वर, सरळ धरला होता. मी धावले आणि त्या हातातून लोटा घेतला. एक थेंबही सांडला नव्हता.

त्याचा दंड टॉवेलनं बांधायला चार माणसं लागली. मी मात्र त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. मी घरात बसून बाळीच्या ओठांत थेंब सोडत होते आणि रेवू माझ्या खांद्याला धरून बघत होती. दिवस मावळायच्या सुमाराला बाळीनं चमचा चोखला.

महिपत आता सातारच्या तुरुंगात आहे. हाताचं कसं झालं, असं पोलिसांनी विचारलं तेव्हा त्यानं कडबा तोडताना गेला म्हणून सांगितलं, आणि सगळ्या वस्तीनं तेच सांगितलं. मीही तेच सांगितलं. कारखाना पुन्हा चालू झाला आहे. वासरांचा वाटा आधी काढून ठेवल्याशिवाय एकाही गोठ्यातून चीक उचलायचा नाही, असं मी देशिंगकरांना त्यांचे नवे दात बसल्या दिवशीच सुनावलं. कामगार खरवस ही शिवी अजून देतात. मी देत नाही.

लोट्याचं सांगायचं राहिलं. उद्धवला माती दिल्यावर हौसाचं दूध आटलं. बाळ्या भुकेनं कुंपणापलीकडे रडत असायचा आणि आमच्या घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नसे. एके सकाळी रेवू उठली. तिनं तो पितळी लोटा घासला, भिंतीकडे तोंड करून बसली आणि आपलं दूध त्यात काढलं. वेळ लागला. मग डोईवर पदर घेतला आणि कुंपण ओलांडून हौसाच्या दारात जाऊन उभी राहिली.

"रिकामा कसा द्यायचा," ती म्हणाली.

हौसा बराच वेळ लोट्याकडे बघत होती. मग तिनं तो घेतला, आत गेली आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळानं बाळ्याचं रडणं थांबलं.